कागदावरची हिरवी भुकटी

किनवट,
१४ जुलै २०२४

ती. अप्पांना मंजूची शरणु शरणार्थी. वि. वि.

जंगलात येऊन तीन आठवडे झाले. मुक्कामावर मोबाईल लागत नाही, म्हणून हे पत्र. मास्तरांनी शुद्धलेखन तपासू नये.

रोज सागाच्या रानात फिरायचं आणि दिसेल त्या अळंबीचा फोटो, माप, नोंद घ्यायची. त्रेचाळीस जाती झाल्या. सोबत वाट दाखवायला केरबामामा असतात. काल त्यांच्या घरी वारुळावरच्या पांढऱ्या अळंबीचं कालवण खाल्लं. लई चवदार! आठ्या घालू नका, शाकाहारीच आहे.

अव्वाला सांगा, तब्येत छान. दोघांची माया राहू द्या.

तुमची मंजू

निलंगा,
२ ऑगस्ट २०२४

चि. मंजूस अनेक आशीर्वाद.

अव्वा कालपासून पोटभर जेवू लागली. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. फोनवर तुला अर्धंच सांगितलं.

मंगळवारी आपल्या बांधावर पांढऱ्या छत्र्या दिसल्या. वारूळ नव्हतं, गवत होतं. तरी लेकीनं नावाजलेली भाजी म्हणून हौसेनं रुमालात बांधून आणल्या. मी पूजेला बसलो, तोवर अव्वानं भाजी करून वाटीभर खाऊन पाहिली. दीड तासात उलट्या सुरू. दवाखान्यात डॉक्टरांनी काय खाल्लं विचारलं, तर मी पोहे सांगितले. पस्तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं, आणि लाजेपायी असं तोंडातून निघालं. अव्वाच मला ढोसून म्हणाली, की मी मरून राहिले अन् तुम्ही पोहे काय सांगता?

मग वन खात्याच्या ऑफिसात तुला फोन लावला. तू म्हणालीस तशी उरलेली कच्ची छत्री पांढऱ्या कागदावर पालथी घालून वर पातेलं झाकलं. संध्याकाळी खाली हिरवट भुकटी पडली होती. या जातीनं जीव जात नाही, असं तू म्हणालीस आणि मी होतो तिथंच खाली बसलो.

रागावली असशील तर तसं लिही, पण लिही.

तुझा अप्पा

किनवट,
८ ऑगस्ट २०२४

ती. अप्पांना शरणु शरणार्थी. वि. वि.

रागावले होते. पोह्यांचं वाचून तर फारच. पण चूक माझीही आहे. माणूस मारणारी पांढरी अळंबीही असते, हे मला ठाऊक होतं, आणि तुम्हाला मी फक्त चव लिहिली.

एक गोष्ट मीही लपवली. उलट्या लवकर झाल्या हे चांगलं लक्षण, घाबरू नका, असं मी फोनवर ठामपणे म्हटलं. पण माझीच खात्री नव्हती. भुकटी पांढरी पडली असती, तर अव्वाला लगेच लातूरला हलवा म्हणणार होते, आणि पुढचा विचार करवत नव्हता. पाच तास फोनजवळच्या बाकावर बसून होते. तुम्ही हिरवी म्हणालात, तेव्हा रिसीव्हर ठेवून एवढी रडले, की केरबामामांना वाटलं अव्वा गेली. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. मला बोलताच येईना. शेवटी नोंदवहीत लिहून दाखवलं, अव्वा वाचली. ते वाचून तेही माझ्याशेजारी बसून रडले.

रविवारी येते. मला तिला डोळ्यांनी बघायचंय. तोवर तुम्हीही नीट जेवा, आणि मायेत अंतर पडू देऊ नका.

तुमचीच मंजू