वाहून गेलेली रांग

आबा, काल मी पूर्णेला जाऊन आलो. एका मुलीच्या घरी गेलो होतो. तुम्ही तिला ओळखत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होतो, आणि ती मला भेटली परभणीला कॉलेजात, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. पण ती तुम्हाला ओळखते. तुम्ही कसे बसायचात, बोलताना मधेच थांबून मिशीवरून बोट कसं फिरवायचात, भाकरी हातात धरून कोरड्यासात कशी बुडवायचात, हे सगळं तिला माहीत आहे. मीच सांगितलं होतं. आता मी मानवतला एका जिनिंगमध्ये कामाला आहे, दिवसभर कापसाची धूळ नाकात जाते. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. का सोडलं ते तुम्हाला सांगायचं राहिलंय, आणि ते सांगायचं म्हणजे आधी तुमच्याच गोष्टीपासून सुरू करावं लागतं.

मी सातवीत असताना झेंडावंदनाला शाळेनं तुम्हाला भाषणाला बोलावलं होतं. गावात फौजेतून आलेले तुम्ही एकटेच. आईनं तुमचा पांढरा शर्ट दोनदा धुतला होता, आणि मी आदल्या दिवसापासून वर्गातल्या पोरांना सांगत सुटलो होतो की माझे आबा लढाईचं सांगणार आहेत. तुम्ही उभे राहिलात आणि लढाईचं काहीच बोलला नाहीत. लढाई संपल्यावर काय झालं, तेवढंच सांगत बसलात. वरच्या लोकांनी तहाच्या कागदावर सह्या केल्या, तोफा गप्प झाल्या, पण सीमेच्या दोन्ही अंगाला आपण पेरलेले आणि त्यांनी पेरलेले सुरुंग तसेच जमिनीत राहिले. मग दोन्हीकडच्या फौजा एका तंबूत बसल्या आणि आपण कुठं काय पुरलंय ते एकमेकांना नकाशावर दाखवलं. मागं बसलेल्या सरपंचांच्या भावाला राहवलं नाही. तो म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या हो, किती लोळवले तेवढं सांगा." तुम्ही मिशीवरून बोट फिरवलंत. म्हणालात, "लोळवल्याचं सांगण्यासारखं काय न्हाई. काढले ते सांगायलोय." लोक हसले. दुसऱ्या दिवसापासून शाळेत माझं नाव पडलं, नकाशेवाल्याचा. दुश्मनाला नकाशा देऊन आलेल्याचा पोरगा. मी तीन पोरांना मारलं, एकाचा दात पाडला, आणि घरी येऊन दप्तर तुमच्या अंगावर फेकलं.

तो दिवस मला अजून दिसतो. आई चुलीपुढं बसली आहे, परातीत ज्वारीचं पीठ आहे. तुम्ही मला रागावत नाही, मारत नाही. आईच्या हाताखालून परात ओढून घेता आणि पीठ सपाट करता. आई म्हणते, "आवो, भाकरी करू द्या की, पोरगं उपाशी हाय." तुम्ही पिठात बोटानं एक रेघ ओढता. ही सीमा. तिला आडवी दुसरी, वाकडी, हा नाला. मग तुरीचे दाणे ओळीनं ठेवता. एक रांग, दुसरी रांग, तिसरी रांग. ह्या मी पेरल्या, म्हणता, माझ्या हातानं. मग तांब्यातलं थोडं पाणी नाल्यात सोडता. तिसऱ्या रांगेतले दाणे हलतात, पीठ चिकट होतं, दोन दाणे रेघेच्या पलीकडं जातात. आई कपाळावर हात मारते. आणि तुम्ही मला सांगता, जे शाळेत सांगितलं नव्हतं ते.

तंबूत त्यांच्या साहेबानं विचारलं होतं, नकाशा पूर्ण आहे का. आपल्या साहेबानं सांगितलं, पूर्ण आहे. तुम्ही मागं उभे होता, हवालदार, नकाशाची गुंडाळी काखेत. बोलायचं तुमचं काम नव्हतं. पण ती रांग तुम्ही पेरली होती आणि पावसाळ्यात ती वाहून गेली हे तुम्हाला ठाऊक होतं. साहेबालाही ठाऊक होतं, पण दुश्मनापुढं आपली चूक कोण काढून ठेवणार. आदल्याच आठवड्यात त्यांच्याकडची एक बाई गवत कापताना सुरुंगानं गेली होती. तुम्ही म्हणालात, "साहेब, तिसरी रांग नाल्यात वाहून गेली. कुठं गेली ते आमाला ठाऊक न्हाई." मग समोरच्या रांगेतला एक मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस, त्यांचा सुरुंगवाला, त्याच्या साहेबाच्या कानाशी वाकला. आणि थोड्या वेळानं त्यांनी त्यांच्या नकाशावर दोन जागा नव्यानं काढल्या, ज्या आधी दाखवल्या नव्हत्या.

त्यानंतर अडीच महिने तुम्ही नाल्याच्या एका तोंडाकडून आणि तो दाढीवाला दुसऱ्या तोंडाकडून, पोटावर पडून, लोखंडी सळई तिरकी खुपसत, वीत वीत पुढं सरकत होता. तुम्ही म्हणालात, खुरपणीसारखंच असतं, फक्त तणाला हात लागला तर तण उडत नाही. संध्याकाळी काम थांबलं की तुम्ही दोघं नाल्याच्या दोन काठांवर बसून आपापला चहा प्यायचात. एकदा त्यानं विचारलं, घर कुठं. तुम्ही परभणी म्हणालात. त्यानं नाव ऐकलं नव्हतं. तुम्ही आपल्याकडच्या उर्दूत काहीतरी बोललात तर तो हसून लोळला, म्हणे ही कुठली बोली. हे सांगताना तुम्हीही हसलात. "असंल का नसंल आता," असं म्हणालात. मी बारा वर्षांचा होतो. मला कळेना की आपल्या बापाला दुश्मनाची आठवण कशी येते. पुढं तुम्हाला बढती मिळाली नाही. ती कशामुळं मिळाली नाही हे तुम्ही कधी बोलला नाहीत, मी मात्र ते गृहीत धरलं आणि नववीत असताना न्हाव्याच्या दुकानात चार माणसांपुढं तुम्हाला म्हणालो की तुम्ही भ्यालात म्हणून बोललात. तुमच्या गालाला साबण लागलेला होता. तुम्ही आरशातून माझ्याकडं बघितलंत. त्या दिवसापासून मी तुमच्याशी बोलणं सोडलं. आठ महिन्यांनी तुम्ही गेलात. त्या आठ महिन्यांत तुम्ही आजारी होता, मला बोलवत होता, आई निरोप घेऊन यायची आणि मी चप्पल घालून बाहेर जायचो.

आबा, मग ती भेटली. रोज सकाळी पूर्णेहून गाडीनं यायची, वडील रेल्वेत. तिच्या डब्यात ठेचा असायचा आणि तो ती मला मुद्दाम जास्त द्यायची, डोळ्यांतून पाणी आलं की म्हणायची, "एवढा तापट माणूस आणि मिरचीला भ्यायलास." मला कोणी भित्रा म्हटलं की माझं डोकं फिरतं, पण ती म्हणाली की मला गोड वाटायचं. तिचे केस उन्हात थोडे तांबडे दिसतात. ती वाचताना ओठ हलवते. हे तुम्हाला का सांगतोय? दुसरं कोणी राहिलं नाही सांगायला. एकदा परभणीच्या प्लॅटफॉर्मवर तिची गाडी दीड तास उशिरा होती, तेव्हा मी तिला तुमचं सगळं सांगितलं. नाला, रांग, दाढीवाला. पहिल्यांदाच लाज न वाटता सांगितलं. ती म्हणाली, "मला भेटायचं होतं रे त्यांना."

दुसऱ्या वर्षी कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा झाली. विषय होता, लढाईनंतर दोन वैरी देशांत शांतता कशी होते. बाकीची पोरं मोठमोठ्या करारांवर बोलली. ती उभी राहिली आणि तिनं तुमचा तंबू सांगितला. नाव घेतलं नाही, गाव घेतलं नाही. ती म्हणाली, शांतता त्या दिवशी सुरू झाली जेव्हा एका हवालदारानं दुसऱ्याचं काय चुकलं ते विचारायच्या आधी आपलं काय हरवलंय ते सांगितलं. मी खुर्चीत बसून ऐकत होतो आणि खरं सांगतो, छाती भरून आली होती. तेवढ्यात मागून आपल्याच गावचं एक पोरगं ओरडलं, "आरं, ह्याचाच बाप तो, नकाशेवाला." माना वळल्या. माझ्याकडं. मी परत सातवीत गेलो. उठलो आणि सगळ्यांपुढं म्हणालो, "खोटं हाय हे. माझ्या बापानं असलं काय केलं न्हाई. ही मनानं रचून बोलायलीय."

तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं भांडेल, म्हणेल की तूच सांगितलंस. तिनं कागदाची घडी घातली आणि ती खाली उतरली. पोरं हसली. पुढं वर्षभर कॉलेजात तिला खोटारडी म्हणायचे असं मी ऐकून आहे, ऐकूनच, कारण मी दुसऱ्या दिवसापासून गेलो नाही. परीक्षा दिली नाही. आईला सांगितलं, शिकण्यात मन लागत नाही.

तीन वर्षं झाली. गेल्या आठवड्यात एक जुना मित्र जिनिंगवर कापूस घेऊन आला आणि सहज बोलून गेला की तिला रविवारी सोनपेठचे पाहुणे बघायला येणार आहेत. माझं डोकं फिरलं. काल सुट्टी टाकली. पूर्णेपर्यंत गाडीत मी तिच्यावर आरोप जुळवत होतो. माझी गोष्ट मला न विचारता का सांगितलीस, फोन का उचलला नाहीस, एकदाही का आली नाहीस. हे लग्न होऊ देणार नाही, असंही म्हणायचं ठरवलं होतं. तिच्या वडिलांनी दार उघडलं. बनियनवर होते, हातात चष्मा. आत घेतलं, पाणी दिलं आणि मग विचारलं, "कोन म्हनायचे तुमी?" माझं सगळं जुळवलेलं कुठं गेलं कळलं नाही. मी म्हणालो, "तुमच्या मुलीनं भर सभेत खरं सांगितलं होतं आणि मी तिला खोटं पाडलं. तो मी." ते चष्मा पुसत राहिले. मग आत बघून हाक मारली.

ती आली. बारीक झाली आहे. चौकटीला टेकून उभी राहिली. मी परत तेच म्हणालो, सगळं, एकेक. माझं भिणं, न्हाव्याचं दुकान, आठ महिने. आरोप एकही निघाला नाही तोंडातून. ती म्हणाली, "हे तिथं बोलायचं होतं. इथं कशाला सांगायलास? माझ्या बापानं माझ्यावर तवाच विश्वास ठेवला." मी म्हणालो, तिथंही बोलेन, सांगशील त्या दिवशी जाऊन बोलेन. ती म्हणाली, "आता तिथं कोण हाय ऐकायला?" वडील उठून अंगणात गेले. मग तिनं हळूच विचारलं, "आबांशी तरी मिटलं होतं का तुझं? जायच्या आधी?"

आबा, ती हे मला सोडवायला विचारत होती. तिच्या आवाजावरून कळत होतं की मी होय म्हणालो तर तिला माझ्यावर रागावणं जमणार नाही. मी म्हणालो, होय. म्हणालो, शेवटच्या दिवशी दवाखान्यात तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. तिचे डोळे भरले. ती म्हणाली, "मग बरं झालं." तिनं चहा केला. चहा पिताना सांगितलं की रविवारी येऊन गेलेल्या पाहुण्यांना तिनं अजून हो म्हटलेलं नाही, आणि शनिवारी ये, बाबांशी नीट बोल. स्टेशनपर्यंत मी पळतच आलो, तेवीस वर्षांचा माणूस, भर बाजारातून पळत.

गाडी सुटली तसं ते सुख उतरत गेलं. हे पत्र टाकायला जागा नाही, म्हणून टाकणार नाही. आईला दाखवलं तर ती रडेल, कारण त्या दिवशी दवाखान्यात तीच होती आणि दाराकडं बघत होती. परवा शनिवार आहे. पूर्णेला जाऊन तिला खरं सांगितलं तर चहाचा कप ठेवून ती आत जाईल, आणि या वेळी मी म्हणू शकणार नाही की कोणी मागून ओरडलं म्हणून खोटं बोललो. नाही सांगितलं तर कदाचित जन्मभर तिच्यासोबत राहीन. अजून ठरलेलं नाही, आबा. जायचं आहे एवढं ठरलंय. तुम्ही हात ठेवला नव्हता. मी जवळच आलो नव्हतो.