लिलावातला कोंबडा

रविवार, १ नोव्हेंबर १९५९. अचलपूर.
काल अकोल्याला चुलतभावाकडे गेलो होतो. त्याने टॉकीजला नेलं. मुख्य सिनेमाआधी रंगीत कार्टून दाखवलं. एक कोंबडा असतो. अख्ख्या अंगणात आपल्यासारखा कोणी नाही म्हणून छाती फुगवत हिंडतो. फुगतो, फुगतो आणि शेवटी खुराड्याच्या दारात अडकतो. पब्लिक पोट धरून हसलं. मी एकटा गंभीर होतो. मला त्यात ख्रिस्ती बोध दिसत होता. पाणी पिताना साधी कोंबडीसुद्धा मान वर करून देवाचे उपकार मानते. हा गर्विष्ठ एकदाही वर पाहत नाही! हे अख्ख्या टॉकीजमध्ये फक्त माझ्या लक्षात आलं. नम्रतेच्या विषयात माझा हात धरणारा या भागात कोणी नाही.

मंगळवार, ३ नोव्हेंबर
ठरलं. २९ तारखेला चर्चमध्ये कापणीचा सण. पाद्रीसाहेब अमरावतीहून येणार आणि त्याच दिवशी मंडळीचा नवा वडील, म्हणजे चर्चचा पंच, हात वर करून निवडला जाणार. आपण संडेस्कूलतर्फे कोंबड्याचं नाटक करायचं आणि शेवटी मी गर्वावर बोलायचं. मग वडील कोण, हे विचारायला नको. दुसरं नाव दवाखान्यातल्या कंपाउंडर शालिकरामचं. माणूस चांगला, पण प्रार्थना दोन वाक्यांत आटोपतो. मला पदाचा मोह नाही. त्या बिचाऱ्यावर ओझं पडू नये, एवढंच.

सोमवार, ९ नोव्हेंबर
तालीम. कोंबड्याच्या कामाला आमच्याच शाळेतल्या पुंजाजी मास्तरांना घेतलं होतं. ते आले की सगळे त्यांच्याकडेच बघतात. आध्यात्मिक दृष्टीने हे बरोबर नाही. कोंबडा मीच होणार. हलकं काम स्वतःकडे घ्यावं, यालाच नम्रता म्हणतात. पुंजाजी म्हणाले, घ्या बाप्पा, तुमाले शोभून दिसन. मोठ्या मनाचा माणूस.

सोमवार, १६ नोव्हेंबर
कोंबड्याचं मुंडकं तयार होत आहे. मोठ्या माठावर कागदाचा लगदा थापला, त्यात मेथीचं पीठ. वाळल्यावर आतला माठ फोडायचा. सणाला प्रत्येक घर काहीतरी अर्पण करतं. ज्वारी, भोपळा, कोंबडी. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो, पैसा मंडळीला. आमच्या घरचं अर्पण म्हणून यंदा मी मुंडकंच जाहीर करून टाकलं. आमची माणिक म्हणाली, भोपळा देल्ला असता तं लोकायले खाता तरी आला असता. बायकोला कलेतलं कळत नाही, हे लग्नाआधी कोणी सांगितलं नाही.

शनिवार, २८ नोव्हेंबर
माठ फोडून मुंडकं मोकळं केलं, पण तुरा लहान वाटत होता. परवा फोडून मोठा केला, मानेलाही नवे थर दिले. त्यामुळे मुंडकं अजून ओलं. भाषण तयार. शीर्षक : गर्वाचं घर खाली. पाठ म्हणताना दोनदा स्वतःलाच गहिवरून आलं.

रविवार, २९ नोव्हेंबर. सकाळी आठ.
मुंडकं अजून ओलसरच. माणिक म्हणाली, चुलीपाशी वाळू द्या, वल्लं डोक्शात घालू नोका. मी मुंडकं घालूनच निघतो. उन्हात आपोआप वाळेल आणि वाटेत चार लोक बघतीलही.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
वाळलं. माझ्या डोक्यावर वाळलं.

नाटक चांगलं झालं असावं. मला दिसलं नाही, डोळ्यांची भोकं नाकाशी उतरली होती. भाषणासाठी मुंडकं काढायला गेलो तर निघेना. लगदा आवळून कान आत अडकले. दोघांनी ओढलं, तर मीच वर उचलला गेलो. शालिकराम कात्री घेऊन धावला. लिलाव पुंजाजी मास्तरांकडे असतो. ते म्हणाले, अर्पणाची वस्तू हाय, लिलावाच्या आंधी कशी काय फोडता? सगळ्यांना पटलं. बाहेर असतो तर मलाही पटलं असतं.

भाषण आतूनच केलं. पूर्ण केलं. पाद्रीसाहेबांनी नंतर मला विचारलं, मास्तर, आपण काही म्हणत होता का?

मग "हात वर करा" एवढं ऐकू आलं. नाव नीट कळलं नाही, पण माझंच असणार. दोन्ही हात वर केले. शालिकराम एकमताने निवडून आला. पाद्रीसाहेब म्हणाले, मास्तरांनी तर दोन्ही हात वर केले, याला म्हणतात नम्रता. टाळ्या पडल्या. मी हात खाली घेतले.

लिलावात मला टेबलाशेजारी उभं केलं. भोपळ्यावर चढाओढ लागली. माझ्या वेळी पुंजाजी ओरडून दमले. कोणी तोंड उघडेना. आत मेथीचा वास, घाम, अंधार. आणि एकदम रडू आलं. खरंच आलं. पुसायला हात पोचेना. इतक्यात बायकांच्या बाजूने माणिकचा आवाज आला, चार आणे. पुंजाजींनी विचारलं, आतल्या मानसासकट? माणिक म्हणाली, मंग दोन आणे.

चर्च हसून हसून वाकलं. पाद्रीसाहेबसुद्धा. बोली कोणी वाढवली नाही.

मानेपासून कापत मला तिनेच मोकळं केलं. माझा चेहरा पाहिला आणि पदराने पुसला.

सोमवार, ३० नोव्हेंबर
कान सुजले आहेत. शाळेत रजा कळवली. माणिकने मुंडकं उलटं करून, त्यात भुसा घालून खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली. म्हणाली, तुमी भाईर निंगाल्यावर कामाले आलं पाहा.

दुपारभर कोंबडीसमोर बसून होतो. पाण्याची वाटी पुढे केली. दर घोटाला ती मान वर करते. मी काल दिवसभर एकदाही वर पाहिलं नाही.

अर्थात, तुरा जड होता.