काचेची खरखरीत बाजू

४ मार्च
बसवली एकदाची! मधल्या भिंतीतली खिडकी बुजवून टाकावी असंच मनात होतं, पण आमच्या स्वयंपाकघरात उजेड येतो तो पलीकडच्या, थोरल्या दादाच्या घराच्या बाजूनेच. म्हणून घासलेली काच — उजेड येईल, तोंड दिसणार नाही. खरखरीत बाजू त्याच्याकडे ठेवली. आमच्या ओट्यावरचं तेल खरखरीत बाजूत बसलं की जन्मात निघत नाही.

परवा आमच्या काचेच्या दुकानात दादा गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "काच कापायला डोकं थंड लागतं. ते तुझं काम नव्हे." ज्याने मला काच कापायला शिकवलं, त्यानेच! आता त्या दुकानाची पायरी चढणार नाही.

५ मार्च
खुर्ची फिरवून घेतली. खिडकीकडे पाठ करून चहा. त्याची सावलीसुद्धा नको.

१९ मार्च
रोज सकाळी, नेमकं चहाच्या वेळी, पलीकडून ओलं फडकं फिरवल्याचा आवाज येतो. स्वच्छतेचं खूळ जुनंच आहे त्याचं. आज मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "पुसून पुसून आरसा होणार आहे का तिचा?" समोर बसलेली मुलगी खिडकीकडे बघून हसली. काय गं? म्हणे, काही नाही.

२ एप्रिल
मुलीची परीक्षा. पाठ केलेलं मला ऐकवते. उजेड काचेत शिरताना वाकतो, पाण्यात शिरताना वाकतो. सूर्याएवढं वजनदार काही वाटेत असलं तर त्याच्या शेजारून जातानाही वळतो, म्हणून सूर्याच्या कडेआडचा तारासुद्धा दिसतो.

म्हटलं, "उजेड वळत असेल. आम्ही नाही."

"निदान खुर्ची तरी वळवा, बाबा."

फार बोलायला लागली आहे.

११ एप्रिल
आज आवाज नाही. बरं वाटायला हवं होतं. चहा गार झाला.

१२ एप्रिल
दादाला काल पहाटे दवाखान्यात नेलं — छातीत दुखत होतं. मध्ये एक भिंत, आणि मला दूधवाल्याकडून कळलं. लाज वाटली.

दुपारी वहिनीचा फोन. "भाऊजी, यांचे कपडे आणि चष्मा हवा होता. किल्ली तुमच्या लेकीकडे आहे."

गेलो. खिडकीपाशी स्टूल, वाडग्यात पाणी, वाळून कडक झालेलं फडकं. सगळ्या काचेवर धूळ, फक्त तळहाताएवढा गोल स्वच्छ. फडकं भिजवून तिथे फिरवलं. खरखरीत बाजूच्या खळग्यांत पाणी भरलं की घासलेली काच साध्या काचेसारखी होते. हेही मला दादानेच शिकवलेलं. कसा विसरलो?

आमचा ओटा दिसला. मुलीची जागा. माझ्या खुर्चीची पाठ. त्याला रोज माझं टक्कल दिसत असणार. काच वाळेपर्यंत बघत राहिलो.

मुलीला विचारलं. म्हणाली, "काका रोज हात करायचे. मला वाटायचं तुम्हाला माहितीये, आणि तुम्ही मुद्दामच वळत नाही."

कपडे तिच्याच हाती पाठवले. माझा पाय निघेना.

१३ एप्रिल
दवाखान्यात गेलो. दादाने डोळे उघडले, मला पाहिलं आणि भिंतीकडे कूस वळवली. स्टूल ओढून त्याच्या पाठीशी बसून राहिलो.