भाविकचं नाव घेतलं नाही

३ फेब्रुवारी

आज परत जागा गेली! दामूने माझं बिस्तर लाथेने सरकवलं — थेट संडासाच्या दाराशी. "तेरी जगह इधर. आमच्यात पोरंबाळंवाली माणसं आहेत." हा दामू मारामारीच्या केसमध्ये आत आलाय आणि बॅरेकचा मालक होऊन बसलाय. शिपाईसुद्धा त्याला विचारून बोलतात.

माझ्याबद्दल सगळ्यांना माहीत आहे. पोलिसांनी मोबाईल उघडला, त्यात ते पुरुषांनी पुरुषांना भेटायचं ॲप सापडलं. मी जेलच्या दारात पोचायच्या आधी ती बातमी आत पोचली. लपवायला काही उरलंच नाही, म्हणून लिहितोय. भाविकचे मेसेज तेवढे मी वाचून लगेच पुसायचो. ते बरं झालं.

५ फेब्रुवारी

झोप नाही. अंग खाजतं. वास जात नाही — नाकातून, कपड्यांतून, जेवणातूनसुद्धा.

८ फेब्रुवारी

मनाली आली मुलाकातीला. काचेपलीकडे, फोन कानाला लावून. माझी धाकटी बहीण, पण आता मोठी दिसते.

"दादा, वकील विचारतात त्या रविवारी तू कुठे होतास. एवढं सांग ना!"

काय सांगू? केसरीनाथ शेठच्या गोदामातून कापडाचे तागे चोरीला गेले त्या रविवारी मी वज्रेश्वरीला होतो. लॉजवर. शेठच्याच मुलासोबत!

शेठने पोलिसांना माझंच नाव का दिलं, ते मला कळतं. त्याच्या आधी एकदा त्याने आम्हाला दोघांना गोदामात बघितलं होतं, ताग्यांच्या मागे. ओरडला नाही. नुसता लाईट बंद करून गेला. मी नोकर, भाविक मुलगा. कुणाला बाहेर काढायचं हे ठरलेलंच होतं.

आई का येत नाही विचारलं. "गुडघे दुखतात तिचे." मनाली खोटं बोलते तेव्हा खाली बघते.

९ फेब्रुवारी

भाविक एकदाही आला नाही. येऊच नये. यावा.

१३ फेब्रुवारी

हौदावर मारलं. दामू आणि त्याची दोन माणसं. बरगडीत लाथ बसली. श्वास घेतला की टोचतं. दामू कानाशी येऊन म्हणाला, "कल से मेरे बाजू में सोएगा. समझा?" बाकीचे अंघोळ करत होते. करतच राहिले.

नंतर पंढरीकाका माझा साबण उचलून घेऊन आले. वज्रेश्वरीकडच्या खेड्यातले, जमिनीच्या भांडणात आत आलेले. म्हणाले, "पोरा, जेवाया माझ्यासंगं बस. तुला काय रोग न्हाय." इथे आल्यापासून पहिल्यांदा कुणाच्या तरी शेजारी बसून जेवलो. डाळ पाण्यासारखी.

"पन मी म्हातारा हाय," ते म्हणाले. "त्याला अडवाया माझ्यात जोर न्हाय. तूच बोल कोनाला तरी."

कोणाला?

१४ फेब्रुवारी

दुपारी टॉवेलकडे आणि खिडकीच्या गजाकडे बघत बसलो. बराच वेळ. मग काकांनी हाक मारली — "जीवन, भाकर घ्याया चल." गेलो.

संध्याकाळी काकांनी मला त्यांच्या आणि भिंतीच्या मध्ये झोपवलं. दामू हसला. "कितने दिन, बुड्ढे?"

१७ फेब्रुवारी

बोललो!

कोर्टाची तारीख होती. आता कोर्टात नेत नाहीत, टीव्हीसमोर उभं करतात, पलीकडे जज मॅडम. नाव, पुढची तारीख, चल. आज मी हललो नाही. "मॅडम, मला बोलायचंय." शिपायाने दंड धरला. मॅडम म्हणाल्या, "सोडा त्याला. बोला."

मागे लाईनीत दामू. त्याचीही तारीख.

"मला बॅरेकमध्ये मारतात. मला — मला पुरुष आवडतात म्हणून."

जन्मात पहिल्यांदा मोठ्याने बोललो हे! कुणीतरी शिट्टी मारली. मॅडमनी विचारलं, "कोण मारतं?" दामूचं नाव घेतलं, तो मागे उभा असताना. मग त्यांनी विचारलं, चोरीबद्दल काही सांगायचंय का? तोंड उघडलं होतं. मिटलं. भाविकचं नाव नाही घेतलं.

१८ फेब्रुवारी

डॉक्टरने बरगडी बघितली. लगेच दुसऱ्या बॅरेकमध्ये हलवलं. काकांशी दोन शब्द बोलूसुद्धा दिले नाहीत. जाताना दामू म्हणाला, "बाहर तो आएगा ना!" इथे हवा येते. तरी दर आवाजाला दचकतो. कोण आलं? कोण हसलं? माझ्यावरच का?

संध्याकाळपर्यंत इथेही सगळ्यांना कळलं. एकाने बिस्तर लांब घेतलं. दुसऱ्याने तिथेच ठेवलं.

२५ फेब्रुवारी

मनाली आली. धापा टाकत होती, फोन उलटाच धरला आधी.

"दादा, तू जजसमोर बोललास ते भिवंडीभर झालं. भाविकला कळलं. तो स्वतः आपल्या वकिलांकडे गेला. वज्रेश्वरी, लॉज, सगळं लिहून दिलं. शेठने घराबाहेर काढलं त्याला."

मी विचारलं, "मग आहे कुठे तो?"

"आपल्याकडे. आईच घेऊन आली. म्हणाली, आधी जेवू दे त्याला, मग बघू."