आग्रहाचं प्रजासत्ताक

५ जुलै, शनिवार, सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. त्यामुळे खरं तेच लिहायचं.

ग्रीक राज्यविचार आणि रोमन प्रजासत्ताक असा दहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स लावलाय. दोन आठवडे झाले. ऑफिसात सध्या वेळ मिळतो. एप्रिलमध्ये माझा रोल रिडिफाइन झाला. पूर्वी हाताखाली चौदा माणसं होती, आता एक डॅशबोर्ड आहे. प्रमोशनच्या आधी असं करतात, हे उल्काला समजावलं. ती 'बरं' म्हणाली. बायको असावी तर अशी.

कोर्समधलं मुख्य सूत्र: ज्याला सत्तेची हाव नाही तोच राज्य करायला लायक. हे अथेन्सवाल्यांना अडीच हजार वर्षांपूर्वी कळलं होतं. मी इथल्या, म्हणजे सिंगापूरच्या, क्वीन्सटाउन मराठी मित्रमंडळाचा सहा वर्षं अध्यक्ष आहे आणि एकदाही मला व्हायचं नव्हतं. वीस तारखेला निवडणूक. यंदाही व्हायचं नाहीये. आत्तापासून तयारीला लागायला हवं.

८ जुलै, मंगळवार
अभयचा गूगल फॉर्म आला. अभय म्हणजे मंडळाचा सेक्रेटरी. मुलगा चांगला, पण सगळं एक्सेलमध्ये. 'अध्यक्षपदासाठी उभे राहणार का? हो / नाही.' मी 'नाही'वर टिक केलं. खाली लिहिलं, 'नव्या रक्ताला संधी मिळावी.' दर वर्षी हेच सांगतो.

पद्धत अशी आहे. मी नाही म्हणायचं. कमलाकरकाकांनी भर सभेत उठून म्हणायचं, तुमच्याशिवाय आहे कोण? मी पुन्हा नाही. असं तीनदा. तिसऱ्यांदा मी मान खाली घालायची, मग टाळ्या. काका मार्चमध्ये कायमचे नाशिकला परत गेले. त्याने काही बिघडत नाही. आग्रह ही संस्था आहे, व्यक्ती नव्हे. ताटावर आडवा हात धरला म्हणजे जिलेबी नको, असा अर्थ कुठलाही मराठी माणूस घेत नाही.

लगेच मेल आली की तुमचं उत्तर नोंदवलं आहे. नोंदवू देत.

१० जुलै, गुरुवार, लंच टाइम, तांजोंग पगारचं ऑफिस
सिन्सिनाटस! आजवर कुठे होता हा माणूस? रोमवर संकट आलं तेव्हा हा शेत नांगरत होता. सिनेटचं शिष्टमंडळ थेट शेतावर आलं, म्हणालं, चला, सर्वाधिकारी व्हा. त्याने बायकोला टोगा, म्हणजे रोमनांचं मानाचं वस्त्र, आणायला सांगितला, अंग पुसलं आणि निघाला. लेक्चर दोनदा पाहिलं. डोळे भरून आले. शेजारच्या डेस्कवरच्या मुलीने चौकशी केली, मी एअरकॉनकडे बोट दाखवलं.

शेवटी म्हणे त्याने सोळाव्या दिवशी सत्ता परत देऊन टाकली. तो भाग आपल्याला लागू नाही.

ठरलं. प्रचार करायचा नाही. शेतावर सापडायचं.

१२ जुलै, शनिवार
शेत म्हणजे फ्लॅटबाहेरच्या कॉरिडॉरमधल्या सात कुंड्या. तुळस, मोगरा, कढीपत्ता, तीन मिरच्या, एक मेलेलं काहीतरी. सात ते साडेअकरा खुरपं घेऊन बसलो. माती इकडची तिकडे केली. उल्काला म्हटलं, रेशमी कुर्ता इस्त्री करून तयार ठेव, लागेल. इस्त्री नेहमीच्याच जागी आहे, असं उत्तर आलं. रोमन बायका वेगळ्या होत्या.

सव्वाअकराला लिफ्ट उघडली. युनिफॉर्ममधली दोन माणसं सरळ माझ्याकडे आली. मी अंग पुसलं. डेंग्यूची तपासणी निघाली. मोगऱ्याखालच्या ताटलीत पाणी साठलं होतं. ते ओतून दिलं आणि 'अंकल' म्हणून मला पाच मिनिटं लेक्चर दिलं.

पण शिष्टमंडळ शेतावर येतं, हा मुद्दा सिद्ध झाला.

१३ जुलै, रविवार
रोममध्ये सकाळी सकाळी आश्रित मंडळी बड्या माणसाच्या दारात हजेरी लावायला येत. त्या धर्तीवर आज आठ वाजता मंडळाच्या लोकांना पोह्यांना बोलावलं. अकरा जण आले, साडेदहाला. तीनदा वाढप झालं. अध्यक्षपदाचा विषय कुणीही काढला नाही. एवढा संयम! पोहे मात्र संपले, उल्काला उरले नाहीत.

क्षिप्रा नावाची एक पोस्टडॉक मुलगी आली होती. काँक्रीटला तडे का जातात यावर तिचं संशोधन चालू आहे. मला 'काका' म्हणते. मी सर्वांना प्रजासत्ताक समजावत होतो तेव्हा ती आत भांडी घासत होती. कामसू आहे. पण नेतृत्व ही गोष्टच निराळी.

१६ जुलै, बुधवार, संध्याकाळी
क्षिप्राचा फोन. आधी पोहे छान झाले होते वगैरे. मग म्हणाली, "काका, मी फॉर्ममध्ये 'हो' लिहिलंय. पण तुम्ही उभे राहणार असाल तर मी नाव मागे घेते. खरंच. तुम्ही नक्की नाही ना राहत?"

मी म्हटलं, "छे छे. अगदी नक्की."

आग्रह क्रमांक एक. घरी येऊन नाही, फोनवर, पण झाला. तिने माझे मनापासून आभार मानून फोन ठेवला. दुसरा कधी करणार हे सांगितलं नाही.

उल्का भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, "ती खरंच विचारत होती रे."

उल्का मूळची इंदूरची. आग्रहाचं शास्त्र तिला ठाऊक असायला हवं.

१९ जुलै, शनिवार
तिन्ही नकार आरशासमोर म्हणून पाहिले. पहिला ठाम, दुसरा हसरा, तिसऱ्यात आवाज थोडा भरून येतो. तिसरा उत्तम जमतो.

उल्का दारात उभी होती. तिने विचारलं, तुला हवंय ना ते पद, मग सरळ सांगत का नाहीस? म्हटलं, प्रश्न हवं-नकोचा नाहीच. मागून मिळते ती सत्ता नव्हे. मग तिला अथेन्समधली चिठ्ठ्या टाकून अधिकारी नेमायची पद्धत सांगू लागलो, तर ती कुकर लावायला गेली.

एवढंच आहे की एप्रिलपासून ऑफिसात मला कुणी काही विचारायला येत नाही. आणि गणपतीच्या आधी महिनाभर फोन थांबत नाही. मांडव कुठे, मोदक किती, आरतीला किती वाजता. बरं वाटतं.

हे उगाच लिहिलं. खोडायला हवं.

२० जुलै, रविवार, दुपारी ३
सभा झाली. क्रमाने लिहितो.

अभयने लॅपटॉप उघडला. 'हो' एक, 'नाही' बाकी सगळे. "निशिकांतदादांनीही नाही म्हटलंय. आपण त्यांच्या निर्णयाचा आदर करू या. दादा, काही बोलणार?"

मी उठलो. पहिला नकार म्हटला, ठाम. सगळ्यांनी माना डोलावल्या. जरा थांबलो. कुणी उठेना. दुसरा म्हटला. हसलो. तेही हसले. आणखी थांबलो. मग काही इलाज नव्हता, तिसराही म्हणून टाकला. "आता माझ्यात ती ताकद राहिली नाही." आवाज भरून आला, ठरल्यापेक्षा जास्त. पहिल्या रांगेतल्या बाईंनी मला खुर्ची दिली. बीपी कधीपासून आहे, असंही विचारलं.

क्षिप्रा बिनविरोध. पूर्ण विषय चार मिनिटांत आटोपला. नंतर त्यांनी मला शाल-श्रीफळ दिलं. म्हणजे आधीच आणून ठेवलं होतं. सिंगापुरात लोकरीची शाल!

येताना एमआरटी ट्रेनमध्ये ऋग्वेदा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, यू सेड नो व्हॉट. थ्री टाइम्स सम मोअर. दे रिस्पेक्टेड युअर चॉइस, लाह." तेरा वर्षांची आहे. इंग्रजी शाळेत घातलं ही चूक झाली. नारळ तिच्याच मांडीवर होता.

२१ जुलै, सोमवार
शांत डोक्याने विचार केला. सिन्सिनाटसला रोमने संकटातच बोलावलं. म्हणजे आधी संकट यायला हवं. माझ्या अंदाजाने मंडळ दहा ऑगस्टपर्यंत कोसळेल.

१० ऑगस्ट, रविवार
कोसळलं नाही. मूर्ती बुक झाली, हॉल मिळाला, क्षिप्राने कामांची शीट केली, पहिल्याच दिवशी भरली. ऋग्वेदाने आरतीत झांजा वाजवायला नाव दिलंय. माझ्या सहा वर्षांत ती एकदाही स्वतःहून आली नव्हती. उल्का मोदकांच्या गटात. माझं नाव कुठेच नाही. अभय म्हणे सगळ्यांना सांगतो, दादांना यंदा आराम करू द्या.

फोन चार्ज आहे का ते तीनदा पाहिलं. आहे.

कोर्स सोडला. रोमही पुढे बिघडतच गेलं.

२४ ऑगस्ट, रविवार, सकाळी १०.४०
मिरचीवर कीड पडली म्हणून कॉरिडॉरमध्ये बसलो होतो, बनियन आणि हाफ पँटवर. दुसरा काही हेतू नव्हता. लिफ्ट उघडली. अभय आणि क्षिप्रा.

शिष्टमंडळ. शेतावर.

उठलो. हात माती-माती झालेले. दारातून उल्काला हाक मारली, "कुर्ता!" ती आली ती हात पुसायला फडकं घेऊन.

त्यांना मंडळाच्या स्टोअरच्या कपाटाची किल्ली हवी होती. शिवाय व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून मी एकटाच ॲडमिन आहे. तेवढंही करून द्याल का, म्हणाले. दोन्ही दिलं. ॲडमिनचं बटण ऋग्वेदाने शोधून दिलं. अभय थँक्यू म्हणाला, चहा नको म्हणाला. मी आग्रह केला नाही. ते निघाले.

लिफ्टचं दार बंद होता होता क्षिप्राने हात घालून ते अडवलं. "काका, एक राहिलंच. हॉलबाहेर चपलांचा फार गोंधळ होतो, तिथे उभं राहायला कुणी..."

"हो," मी म्हटलं. "दोन्ही वेळच्या आरतीला."

तिचं वाक्य अजून संपलं नव्हतं.