भाकर खाल्ली, पण जेवली नाही

प्रिय आई,

काल दुपारी तुमच्या धाकट्या सुनेचा, पुष्पाचा, जवाहरनगरहून फोन आला. जेवल्या का ताई, म्हणून तिनं विचारलं आणि माझ्या तोंडून जे उत्तर निघालं, ते तुमचं होतं. म्हणून हे पत्र. नाहीतर तुमच्यावरचा माझा राग अजून कुठे गेलाय!

शुगर निघाल्यापासून तुमचं ताट मी सांभाळलं. सकाळी भिजवलेले मूग, दुपारी ज्वारीची भाकर, बरबटीची उसळ, काकडी. दुपार कलली की फुटाणे आणि ताक. भात रात्रीच, तोही मूठभर. आपल्या तुमसरात, जिथे राइस मिलचा कोंडा उडत अंगणात येतो, तिथे भात हात आखडून वाढणारी सून म्हणजे वैरीणच की!

तुम्ही निमूट खायच्या आणि ओसरीवर जाऊन बसायच्या. शेजारच्या देवकाबाईंनी विचारलं की म्हणायच्या, "भाकर खाल्ली वं बाई, पण जेवली नाही."

आपल्या धानाच्या मुलखात भाताशिवाय जेवण धरत नाहीत, हे मला का माहीत नव्हतं? पण गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत त्यातली भाकर गळून पडायची. मोठी सून सासूला उपाशी ठेवते, एवढंच उरायचं.

आणि पुष्पा! रविवारी यायची, चिन्नोर तांदळाचा घमघमता भात रांधायची, वर तुपाची धार. तुम्ही बोटं चाटत म्हणायच्या, "आज पोटभर जेवली." आठवडाभर मी दळायचं आणि तिनं आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या. सोमवारी चढलेली शुगर उतरवायला पुन्हा मीच.

डॉक्टरांनी एकदा विचारलं, यांचं पथ्य कोण सांभाळतं? तुम्ही म्हणाल्या, दोघी सुना. दोघी!

खरं सांगते आई, त्या भाताचं मला काही नव्हतं. त्या एका शब्दाचा हेवा वाटायचा. माझ्या हातचं खाऊन एकदा "जेवली" म्हणाल्या असत्या, तर काय बिघडलं असतं? तुम्ही गेल्या त्या दिवशीही देवकाबाईंना "जेवली नाही" असंच म्हणाल्या. अख्खी भाकर खाल्ली होती तुम्ही.

आता माझीही शुगर निघाली. माझी सून प्राजक्ता ताट वाढते, तेच, तसंच. आणि काल मी पुष्पाला म्हणाले, "नाही वं, भाकर खाल्ली फक्त."

वळून पाहिलं तर प्राजक्ता दारात उभी, हातात माझं उष्टं ताट. तशीच मोरीकडे वळली. मी तरी तुम्हाला कधी बोलले होते?

तर शब्द देते. आज भाकर खाऊन मी ओसरीवर बसेन. देवकाबाई विचारतीलच. तेव्हा आत चुलीपाशी प्राजक्ताला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगेन, "जेवली."

मला मिळाला नाही तो शब्द तिला मिळेल. आणि मला तिचाही हेवा वाटेल. तेवढा वाटू द्या.

तुमची मोठी सून,
सुनंदा