कुमारी हंसा पागधरे हिची कावीळ लागणारी नसल्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय तपासणी अधिकारी,
परिचारिका प्रशिक्षण निवड कार्यालय,
पालघर, जि. ठाणे.

विषय : मुलीच्या कागदांवरील "संसर्गजन्य" हा शेरा रद्द होणेबाबत.
संदर्भ : अपात्रतेचे आपले तिसरे पत्र.

महोदय,

मी घिवली येथील मच्छीमार असून माझी धाकटी मुलगी हंसा परिचारिका प्रशिक्षणासाठी निवडली गेली होती. तपासणीत तिचे डोळे पिवळे दिसल्यावरून "संसर्गजन्य कावीळ" असा शेरा मारून तिला परत पाठविण्यात आले.

त्यावर मुंबईच्या रक्ततज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी लेखी दिले की, ही कावीळ जंतूंची नसून जन्मजात आहे. तांबड्या पेशीच्या आत बारीक जाळे असते. ते पेशीच्या कातडीला ॲन्किरिन नावाच्या प्रथिनाने बांधलेले असते. ते प्रथिन घडविणाऱ्या जनुकातच आमच्या घराण्यात दोष आहे. त्यामुळे पेशी गोल होतात, प्लीहेत अडकून फुटतात आणि त्यातून डोळे पिवळे होतात. माझेही डोळे तसेच आहेत. माझ्या पत्नीस आजवर लागण झालेली नाही. "अणुकेंद्रामुलं झालं असं लिवा," असा सल्ला गावातून मिळाला होता. परंतु गावाशेजारचे ते अणुवीज केंद्र नव्हते तेव्हाही माझ्या वडिलांचे डोळे पिवळेच होते, म्हणून तसे लिहिले नाही.

आपल्या कार्यालयाने कावीळ बरी झाल्याचा दाखला मागितला. जनुक बरे होत नाही, मात्र प्लीहा काढल्यास पिवळेपणा जाईल, पण तूर्त तशी गरज नाही, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हंसाने मला विचारले, "बाबा, डोले पांढरे झाले का घेतील ना मला?" तिने शस्त्रक्रिया करून घेतली. डोळे पांढरे झाले.

ती पुन्हा हजर झाली असता, दाखले कावीळ झालेल्या मुलीचे आहेत, ही मुलगी ती दिसत नाही, असे सांगण्यात आले. तिने पोटावरील व्रण दाखविला. तेव्हा ओळख पटली आणि पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाल्याच्या कारणाने ती अपात्र ठरली. आता वयोमर्यादाही उलटली आहे. "आता बास. मी नाय जात तिथं," असे म्हणून ती आईबरोबर बोंबील सुकवते. म्हणून जागा मागण्यासाठी हा अर्ज नाही.

गेल्या महिन्यात थोरली मुलगी नलू बोईसरच्या दवाखान्यात बाळंत झाली. दुसऱ्याच दिवशी बाळाचे डोळे पिवळे झाले. घराण्याची कावीळ आहे असे सांगताच आमच्या गावच्या एकीने आपल्या कार्यालयाचा शेरा आठवून पाळणा कोपऱ्यात वेगळा ठेविला. बायका लांबून जाऊ लागल्या. हंसाने बाळ उचलून मांडीवर घेतले, उन्हाच्या खिडकीशी नेले, दूध पाजावयास नलूकडे दिले, पुन्हा घेतले. संध्याकाळी पाळी बदलून आलेल्या परिचारिकेने तिला विचारले, "सिस्टर, तुमी कुठल्या दवाखान्यात असता?"

हंसाने बाळाचे दुपटे सारखे केले.

तरी विनंती की, "ही कावीळ लागत नाही" एवढे एक वाक्य आपल्या सहीशिक्क्याने लिहून मिळावे. बाळाचे नाव जमुना ठेवले आहे. दाखला तिच्या नावे दिला तरी चालेल.

वारंवार तसदी देत असलेला,
कमलाकांत देवू पागधरे
मु. पो. घिवली, ता. पालघर
दि. ९ फेब्रुवारी १९९४

सोबत : मुंबईच्या दाखल्याची नक्कल.